आगाऊ शुभेच्छा

राहाता,
२२ सप्टेंबर २०२५

ती. ताईस,
धाकट्या आमोसचा सप्रेम सलाम वि. वि.

पत्रास कारण की, माझा अपमान झाला आहे. अपमान तसा लहानच, पण तो तुझ्या वाढदिवशी, सर्व आप्तेष्टांच्या साक्षीने आणि पार्श्वसंगीतासह झाल्यामुळे त्याची लेखी नोंद व्हावी, एवढीच विनंती.

तुझ्या पासष्टीसाठी आपल्या मार्कच्या आराधनाने घरोघर हिंडून नातलगांना कॅमेऱ्यापुढे बसवले आणि त्याची जी छोटी चित्रफीत केली, ती काल सविताच्या मोबाईलवर पाहिली. (समारंभाला मी आलो नाही, कारण शिकवायचे कसे हे आता निवृत्तीला चार वर्षे उरली असताना मला शिकवण्याचे सरकारने ठरवले असून त्याचे प्रशिक्षण रविवार असूनही त्याच दिवशी होते. याबद्दल तू बोलणार आहेसच.) तर त्या चित्रफितीत मी आहे. शिंक यायला जेवढा वेळ लागतो, तेवढा आहे. आणि तेवढ्यात मी काय करतो? सदऱ्यावर पडलेला मुंगळा झटकतो. झटकतो आणि जातो. ज्या बहिणीने मला काखेत मारून तिसगावच्या बाजारभर फिरवले, तिच्या पासष्टीला मी मुंगळा अर्पण केला, अशी इतिहासात नोंद झाली.

आता पूर्वतयारी ऐक. सविताने माझा लग्नातला कोट बाहेर काढला. तो पोटावर बसेना, म्हणून बटणे न लावता नुसता सैल सोडावा असे ठरले. पोरीने पेरूच्या बागेत खुर्ची मांडली, माझ्या तोंडावर उजेड पाडायला चकचकीत पत्र्यासारखा पडदा उभा केला, आणि मला म्हणाली की काका, नॅचरल बसा. मी तिला म्हटले, की बाई, मी जन्मापासून जसा बसतो तसाच बसलो आहे, याहून नॅचरल बसायचे तर झाडावर बसावे लागेल. एवढे होऊन माझ्या मुखातले एक अक्षर तिने ठेवले नाही. वर बासरी. संस्कृतात याला अजागलस्तन म्हणतात: शेळीच्या गळ्याला सडांसारखी दोन बोंडे लोंबतात, दिसायला असतात, दूध देत नाहीत. तुझ्या वाढदिवसाच्या शेळीला ती जागा माझी.

मार्कला मात्र भरपूर वेळ. त्याने चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. पाहणाऱ्याला वाटावे जाहिरात चष्म्याची आहे. हल्ली म्हणे भावना टिपतात. आपल्या लहानपणी टिपकागदाने शाई टिपत, आणि त्यावर जे उमटे ते उलटे उमटे. आराधनाला मी स्वतंत्र पत्र लिहून झाडणार आहे.

असो. आता कामाचे. पुण्याच्या डॉक्टरांनी हृदयाची झडप बदलायला सांगितली त्याला उन्हाळा गेला, पावसाळाही चालला. मी तुझ्याबरोबर होतो म्हणून मला ठाऊक, आणि तू शपथ घातलीस म्हणून बाकी कोणाला नाही. तारीख घेतलीस का? ‘पाहू’ हे उत्तर चालणार नाही. ते मी विद्यार्थ्यांकडूनही घेत नाही.

लोभ आहेच, तो मुंगळ्यापेक्षा थोडा जास्त टिकावा.

तुझा,
आमोस

—

तिसगाव,
३० सप्टेंबर २०२५

चि. आमोस यास,
ताईचा सलाम आणि आशीर्वाद.

तुझा एक मुंगळा झटकला गेला तर चार पाने काळी केलीस. माझी तर सगळ्यांनी मिळून मयत उरकली, ती ऐक.

रविवारी उपासना झाल्यावर सगळे हॉलमध्ये बसले. आराधनाने भिंतीवर पांढरी चादर लावली, दिवे घालवले. चादरीवर पहिला मार्क. आपला भाऊ हात जोडून उभा, आणि म्हणतो की आमची दयाताई फार प्रेमळ बाई, प्रभूने दिली, प्रभूच्या इच्छेपुढे आपण कोण. मी म्हटले, याला झाले काय? मग महिला मंडळाच्या अध्यक्षा. त्या म्हणाल्या, की दयाताईंची जागा भरून निघणार नाही. मी त्यांच्याच शेजारी, त्याच जागेवर, पायांत चप्पल घालून बसलेली! मग संडे स्कूलचे सुपरिंटेंडंट रंगनाथ मास्तर. त्यांनी तर खिशातून कागद काढून माझा जीवनवृत्तांत वाचला: जन्म, बाप्तिस्मा, नर्सिंगचे शिक्षण, सरकारी दवाखान्यातली सेवा, पती आधीच प्रभूकडे गेले. शेवटी म्हणाले, की कुटुंबीयांना सांत्वन लाभो. कुटुंबीय समोर बसून वेफर्स खात होते.

दोष कुणाला देऊ? आपल्या लोकांना माणसाबद्दल चारचौघांत चांगले बोलायची सवय एकाच दिवशी असते, आणि त्या दिवशी ते माणूस पेटीत असते. पोरीने सांगितले की आत्याबद्दल मनातले बोला. त्यांच्या मनात त्यासाठी एकच साचा. प्रत्येकाने त्यात मला ओतली.

त्यातून आमच्या गल्लीतली आक्काबाई उशिरा आली. तिला ऐकू कमी येते, अंधारात दारातूनच तिने भिंतीवर माझा हार घातलेला फोटो पाहिला, रडवेला मार्क पाहिला, आणि तिथेच पदर तोंडाला लावून गळा काढला, की नर्सबाई गेल्या व्हय गं, मला कुनी कळवलं बी न्हाई, परवाच तर माझं बीपी मोजलं हुतं. मी उठून तिच्यापुढे भज्यांची बशी धरली. तिने बशीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि मलाच म्हणाली, की बाई, तुमी हाय की! मंग ही मान्सं लई अवघड दिसत्यात, आधी त्यांला काहीतरी द्या.

लोक हसले. मीही हसले. पण आमोस, मला राग आला. घरी येऊन तो उतरेना. या गावच्या निम्म्या पोरांच्या पाठीत जन्मताच थाप मी मारली, ते रडले तेव्हा मी हसले. आता तेच माझ्यासाठी रडून मोकळे झाले आणि मी भजी वाढत होते. आराधनाला चांगली झापली. ती बिचारी म्हणाली, की आत्या, मी फक्त कॅमेरा धरला होता. मग तिला वाईट वाटू नये म्हणून दुसऱ्या दिवशी ठेवून घेतली. तिच्याकडून माझे आणखी थोडे काम राहिले होते, तेही करून घेतले.

तारखेचे म्हणशील, तर नोव्हेंबरात हंगामाचा सण आहे. धान्याचा, फळांचा लिलाव, जेवण, सगळे माझ्याकडे. त्यानंतर नाताळ. नाताळात कोणी छाती फाडून घेते का? आणि खरे सांगू, मी जन्मभर दुसऱ्यांना उचलून बसवले. मला कोणी उचलून बसवावे, तोंड पुसावे, भांडे द्यावे, हे मला जमायचे नाही. मी ठीक आहे. जिना चढताना थोडे थांबते, एवढेच. थांबले की शेजारीण बोलते, तेवढीच करमणूक.

सविताला सलाम सांग. कोट आता कोणाला तरी देऊन टाक. माया कमी करू नकोस, पत्राची पाने कमी केलीस तरी चालतील.

तुझी,
ताई

—

नगर,
९ ऑक्टोबर २०२५

ती. आमोसकाकांना,
आराधनाचा सप्रेम सलाम.

तुमचे पत्र मिळाले. ‘कात्री हाती आली म्हणजे कोणी शिंपी होत नाही’ हे वाक्य मी पप्पांना वाचून दाखवले. त्यांना फार आवडले. चष्म्याबद्दलचे वाक्य मी वाचले नाही.

पण काका, आता मलाही रागावू द्या. सगळे म्हणतात मी मोबाईलचे चाळे करते. चांगली बँकेतली नोकरी सोडली आणि लोकांचे वाढदिवस नि निरोप टिपत फिरते, असे पप्पा पाहुण्यांना सांगतात. आजोबांचा आवाज आपल्या घरात कोणाकडे आहे? कोणाकडेच नाही. भजनात ते कसे गायचे हे तुम्ही सगळे वेगवेगळे सांगता. मला फोटोतले एक कडक माणूस तेवढे ठाऊक आहे. म्हणून मी हे करते. लोक कॅमेऱ्यासमोर पुतळे होतात, पाठ केलेले बोलतात, त्याला मी काय करू? मी तीनतीनदा सांगितले की आत्या जिवंत आहेत, त्यांना सांगायचे तसे सांगा. रंगनाथ मास्तर म्हणाले की हो हो, आणि कागद काढला.

आणि तुमचे अक्षर मी ठेवले नाही म्हणता. काका, तुम्ही अक्षर उच्चारले कुठे? तुम्ही मला विचारलेत की चालू आहे का. मी हो म्हणाले. मग तुम्ही घसा साफ केलात. मग म्हणालात, थांब. मी थांबले. तुम्ही बांधापलीकडे बघत बसलात. काकू चहा घेऊन आल्या, तो निवला. ऊन उतरले, पडद्यावर उजेड पडेना, तरी मी कॅमेरा बंद केला नाही, कारण मला वाटले आता बोलाल. शेवटी उठलात आणि म्हणालात की राहू दे, मला सुचत नाही. तुम्हाला! जे तुम्ही बसमधल्या कंडक्टरलाही सुभाषित ऐकवता. सगळ्या त्या चित्रणात मुंगळा झटकलात तेवढाच क्षण तुम्ही तुमच्यासारखे दिसलात. म्हणून तो ठेवला. हे मी कोणाला सांगितलेले नाही, आत्यांनाही नाही. बरे वाटत नव्हते का तुम्हाला?

तुम्हाला हसवायला एक सांगते. आत्यांनी मला झापले आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच कॅमेऱ्यापुढे बसल्या. म्हणाल्या, की लाइट लावलेच आहेत तर माझेही उरकून घे. त्यांची यादीच तयार होती डोक्यात. माझ्या लग्नासाठी शुभेच्छा. माझे लग्न ठरलेलेही नाही, तरी मानपान मागणाऱ्या घरात कशी जातेस म्हणून मला आधीच रागे भरून झाल्या! माझी बहीण निकिता हिच्या पहिल्या बाळाच्या बाप्तिस्म्यासाठी वेगळे. आणि काका, तुमच्या निवृत्तीसाठी. प्रत्येकाला साडी बदलली, म्हणजे वेगवेगळ्या दिवशीचे वाटेल. मधे मधे बसत होत्या, धाप लागायची. म्हणाल्या, साडी बदलायची सवय गेली.

तुमच्यासाठीचे छान झाले आहे. अजिबात मयतीसारखे नाही, खूप हसवतात त्यात. मात्र त्या-त्या दिवसाआधी कोणाला दाखवायचे नाही अशी ताकीद आहे, म्हणून पाठवत नाही. मला गंमत वाटली, तुमच्या निवृत्तीला अजून चार वर्षे आहेत, तेव्हा तिथे उभ्या राहूनच बोलता येईल की. तसे विचारलेही. त्या म्हणाल्या, तू बॅटरी बघ.

काकूंना सलाम. रागावलात तरी चालेल, पण माझ्यावरची माया काढून घेऊ नका.

तुमची,
आराधना

—

राहाता,
१३ ऑक्टोबर २०२५

ती. ताईस,
आमोसचा सलाम.

क्षेमकुशल विचारत नाही. ते तू खरे सांगत नाहीस.

आराधनाचे पत्र आले. ती निष्पाप आहे, तिने मला गंमत म्हणून कळवले. तेव्हा तिला एका शब्दाने बोलायचे नाही. बोलायचे ते मी बोलणार आहे, आणि तुला थोरली म्हणून आज सूट मिळणार नाही.

माझ्या निवृत्तीचे भाषण तू करून ठेवलेस. मी तुला बोलावले कधी, तू येणार नाहीस हे ठरवलेस कधी? सभेचे निमंत्रण निघण्याआधी पाहुणीने दिलगिरी पाठवावी, ही रीत कुठली? हसवतेस म्हणे मला त्यात. चार वर्षांनी शाळेच्या हॉलमध्ये भिंतीवर चादर लावणार, तू चांगली साडी नेसून हसणार, आणि खाली बसून मीही हसायचे, अशी तुझी योजना. ताई, मी ते पाहणार नाही. मी उठून जाईन. त्या शुभेच्छा मी इथूनच परत करतो. आगाऊ भरलेले घरपट्टीवाले घेतात, मी घेत नाही.

तू नर्स. एखादी बाळंतीण तुला म्हणाली असती, की बाई, बाळासाठी अंगडे शिवले, टोपडे शिवले, सगळे गाठोड्यात नीट बांधून ठेवले आहे, आता मी काही दवाखान्यात येत नाही, तर तू काय केले असतेस? तिच्या शिवणाचे कौतुक केले असतेस? तू तिला दंडाला धरून बैलगाडीत घातले असतेस आणि वाटभर शिव्या दिल्या असत्यास. त्या मी ऐकल्या आहेत. तिसगावात अजून ज्यांना आठवतात ते आदराने सांगतात.

आणि हे उचलून बसवण्याचे काय काढलेस? तू जन्मभर लोकांना उचललेस ते त्यांच्यावर उपकार म्हणून? मग त्या सगळ्यांना तेव्हा लाज वाटत असणार, तीही तू पाहिली असशील. त्यांनी लाज गिळली आणि बरे झाले. तुझी लाज तेवढी सोन्याची? आपल्या अप्पांचे शेवटी तूच, लेकीने, सगळे केलेस. ते तुझ्या लेखी कमी झाले का त्याने?

हंगामाचा सण, मग नाताळ. मग उपवासकाळ येईल, मग पुनरुत्थानाचा सण. मंडळीचे पंचांग तुला तोंडपाठ आहे, आणि प्रत्येक सणामागे तू लपतेस. लिलावात भोपळ्याला बोली कोण लावणार, याची तुला जेवढी काळजी आहे, तिच्या चतकोर काळजी स्वतःची कर. डॉक्टर माझ्यासमोर स्पष्ट बोलले होते, की वेळेत केले तर बाई पुन्हा जिने चढतील. ‘वेळेत’ हा शब्द त्यांनी तुझ्याकडे पाहून उच्चारला आणि तू त्यांच्या टेबलावरचे कॅलेंडर सरळ केलेस. मी पाहत होतो.

आता माझे. मी पहिल्या पत्रात मुंगळ्याचे एवढे रडगाणे गायले, कारण खरे लिहायला लाज वाटली. पेरूखाली मी बोललोच नाही. आराधनाने ते झाकले, तू ते ओळखले नाहीस. मी तयारीने बसलो होतो. दोन श्लोकही केले होते, बरे होते. पण कॅमेरा चालू झाला आणि तोंडाशी जे जे आले ते सगळे, तू आता लिहिलेस ना, मार्क बोलला, अध्यक्षाबाई बोलल्या, मास्तरांनी वाचले, तेच. फरक इतकाच, की त्यांना ठाऊक नव्हते ते काय बोलत आहेत. मला ठाऊक होते. तुझा वाढदिवस म्हणून मला तुझ्यावर ते शब्द घालायचे नव्हते. म्हणून गप्प बसलो. पोरीने बिचारीने ऊन उतरेपर्यंत वाट पाहिली.

शपथ मोडली आहे. काल मार्कला फोन करून सगळे सांगितले. तो म्हणाला की माझ्याच तोंडून ते सगळे निघाले आणि ताई समोर बसून ऐकत होती. त्याला फार लागले आहे. शनिवारी सकाळी तो आणि मी गाडी घेऊन येतो. त्या दिवशी पुण्याला दाखवायचे, तारीख तिथेच घ्यायची. सविता तुझ्याजवळ राहायला येणार आहे, तिने रजा टाकली आहे. भांडी, तोंड पुसणे, उचलणे, सगळे ठरले आहे. तुझे मत विचारलेले नाही. सणाचे मी पाळकसाहेबांशी बोललो. ते म्हणाले, की भोपळे थांबतील. आराधनाला मात्र तू स्वतः सांग. ते आम्ही सांगू नये.

मी चिडून लिहितो आहे खरा, पण ऑपरेशनची भीती मला तेवढी वाटत नाही. पुष्कळ लोकांची होतात, पुष्कळ लोक घरी येतात. भीती दुसरीच आहे. तू इतक्या शांतपणे साड्या बदलून सगळ्यांचे निरोप घेऊन टाकलेस, आम्हाला न सांगता, आणि आता भजी तळते आहेस. मनातून तू आधीच निघून गेली असशील, आणि शनिवारी दारात आम्हाला जी भेटेल तिला कुठेच जायचे नसेल, याची मला भीती वाटते, ताई. बाकी कशाची नाही.

आमोस